प्रश्नावली नंतर, आधी लेबर रूमचं रजिस्टर

नागपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात प्रशिक्षण समन्वयक म्हणून नुकत्याच रुजू झालेल्या ताईंनी विचारलंय: आरोग्य सेविका, स्टाफ नर्स, आरोग्य सहायिका आणि आशा यांना माता व नवजात बाळाच्या काळजीबद्दल नेमकं कोणतं प्रशिक्षण हवं आहे, हे ठरवून पुढच्या वर्षाच्या आराखड्यात टाकायचं आहे. चाळीस प्रश्नांची प्रश्नावली तयार आहे. ज्या विषयात कमी गुण, तो विषय आराखड्यात, असं केलं तर चालेल का?

ताई, प्रश्नावली वाटा, हरकत नाही. पण तिच्यावरून आराखडा लिहू नका. बाळ जन्मल्यावर गर्भाशय आवळून रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन किती आणि कधी, असं विचारलंत तर बहुतेक सिस्टर बरोबर लिहितील: १० युनिट, स्नायूत, पहिल्या मिनिटात. ते त्यांच्या समोरच्या भिंतीवर लावलेलंच आहे. शेवटी ‘तुम्हाला कोणतं प्रशिक्षण हवं?’ असा रकाना ठेवलात तर त्यात मागच्या कार्यशाळेचं नाव येईल. रात्री तीन वाजता, एकटी ड्युटीवर असताना, बाळ रडत नाही आणि आईला रक्तस्राव सुरू झालाय, अशा वेळी तिचे हात काय करतात हे कागदावर उमटत नाही. गरज शोधायची तर तिथे शोधावी लागते.

आता मृत्यूंकडे पाहून विषय ठरवावेत, असंही कोणी सुचवेल. तेही तालुक्याच्या पातळीवर जमत नाही. २०१८–२० च्या नोंदणीनुसार महाराष्ट्राचा माता मृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता. केरळचा १९, देशाचा ९७. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या जवळपास ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात झालेल्या दिसतात. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोचतेय. एका तालुक्यात वर्षभरात मातामृत्यू एखादा होतो किंवा होतही नाही, त्यावरून काय ठरवणार? जिथे बाई थोडक्यात वाचली, बाळ थोडक्यात वाचलं, त्या घटना मोजा. रक्त द्यावं लागलं, झटके आले, बाळाला श्वास द्यायला अंबू बॅग (हाताने दाबायची पिशवी) लावावी लागली, जन्मल्यापासून चोवीस तासांत एसएनसीयूत (नवजात बाळांच्या विशेष कक्षात) पाठवावं लागलं: या नोंदी दर महिन्याला सापडतात आणि त्यांच्यापासून शिकता येतं.

सुरुवात रजिस्टरपासून करा. मागच्या सहा महिन्यांचं प्रसूती रजिस्टर घेऊन तासभर बसा. रक्तदाबाचा रकाना वरून खाली वाचा. ११०/७०, १२०/८०, ११०/७०, १२०/८० असं सलग दिसलं तर तिथे बीपी मोजला जात नाही, भरला जातो. मग वजन बघा. २.५ किलोवर बाळांची गर्दी झाली असेल आणि २.३, २.४ फारसं कुठे नसेल, तर एक तर काटा बिघडलाय किंवा कमी वजनाचं बाळ लिहिलं की मागे लागणारी कामं कोणाला नको आहेत. रक्तस्रावाच्या रकान्यात सगळीकडे ‘नॉर्मल’ असेल तर रक्त कोणी मोजत नाही. आणि पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकतेय ते दाखवणारा आलेख! सगळ्या खुणा एका सरळ रेषेत, एकाच पेनाने, एकाच दाबाने उमटलेल्या दिसल्या की समजा, तो प्रसूतीनंतर, चहा घेता घेता भरलाय. पार्टोग्राफचं पुन्हा प्रशिक्षण हा त्यावरचा उपाय नाही. तो भरायला त्या सिस्टरला येतं, म्हणून तर इतका देखणा भरलाय. गर्भाशयाचं तोंड चार सेंटीमीटर उघडल्यावर आलेल्या बाईजवळ दर अर्ध्या तासाला जायला माणूस आहे का, आणि आलेखातली इशाऱ्याची रेषा ओलांडली तर पुढे कोणी काही करतं का, हे आधी विचारा. रेषा ओलांडूनही काही होत नसेल तर ती कोण कशाला काढेल?

रजिस्टरनंतर लेबर रूममध्ये उभं राहायचं. तपासणीला आल्यासारखं नाही, हातात वही न घेता. दोन-चार प्रसूती बघितल्या की चित्र दिसतं. सगळ्यात मोठी गरज मला नेहमी बाळाच्या पहिल्या मिनिटात दिसली आहे.

बाळ रडलं नाही की काय होतं ते बघा. आधी सक्शन. मग परत सक्शन. मग पाठ चोळणं, तळपायाला टिचक्या, कुणी मावशी अजून उलटं धरते. यात दोन-अडीच मिनिटं सहज जातात आणि अंबू बॅग टेबलावरच राहते. कोरडं करून, मान नीट ठेवून, गरज असेल तरच तोंड आणि मग नाक साफ करून, पाठीला हलका स्पर्श देऊनही श्वास नाही, तर साठ सेकंदांच्या आत बॅगने श्वास द्यायला लागायचं, हे नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात २००९ पासून शिकवलं जातंय. सगळ्यांना तोंडपाठ आहे. अडतं ते मास्कवर. मास्क नाक आणि तोंड झाकतो पण हनुवटीशी हवा गळते, छाती वर येत नाही, आणि छाती येत नाही हे बघायला नजर छातीवर असावी लागते. ती असते घड्याळावर किंवा दारात उभ्या नातेवाइकांवर. पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबरचा मास्क, लहानग्याला ०, दोन्ही ट्रेमध्ये आहेत का? बॅग तळहातावर दाबून तपासली आहे का? पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवा पुरते, तरी ऑक्सिजनचं सिलिंडर उघडायला पाना शोधण्यात वेळ घालवलेला मी पाहिलाय.

हे व्याख्यानाने सुटत नाही. पाण्याने भरायच्या बाहुलीवर छाती वर येईपर्यंत हात बसवावा लागतो, आणि बसलेला हात काही महिन्यांत सुटतो. हा अनुभव आपल्याच भागातला आहे. ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हे प्रशिक्षण बेळगाव, नागपूर आणि केनियातल्या दवाखान्यांत मोठ्या प्रमाणावर दिलं गेलं आणि त्याआधीच्या व नंतरच्या जन्मांची तुलना झाली. अहवाल २०१६ मध्ये आला. बाळांच्या मृत्यूत सगळीकडे सारखी घट काही दिसली नाही. उत्तर प्रदेशात बाळंतपणाच्या चेकलिस्टवर मोठा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये छापून आला. सोबत मार्गदर्शक असताना, दुसऱ्या महिन्यात, आवश्यक कृतींपैकी जवळपास ७३ टक्के होत होत्या. मार्गदर्शन थांबल्यावर बाराव्या महिन्यात त्या ६२ टक्क्यांवर आल्या. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. प्रशिक्षण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मी काढत नाही. एकदा हॉलमध्ये दोन दिवस बसवून मोकळं होणं निरुपयोगी आहे, असा काढते.

म्हणून आराखड्यात ‘दोन दिवसांची कार्यशाळा’ लिहिण्याऐवजी दर आठवड्याला पाळी बदलताना दहा मिनिटांचा सराव लिहा. बाहुली लेबर रूममध्येच ठेवायची, कपाटात कुलूपबंद नाही. खरं कुलूप असतं, बरं का. हरवली तर कोणाच्या पगारातून कापणार, या भीतीने. ती भीती घालवण्यासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून एक पत्र घ्या. आणि ज्या उपकेंद्रात दोन-तीन महिन्यांतून एखादी प्रसूती होते तिथे सराव जास्त हवा. आपण नेमकं उलटं करतो: जास्त प्रसूतींच्या ठिकाणी जास्त प्रशिक्षण.

यानंतर वार (प्लासेंटा) पडल्यावरचे दोन तास. बाळ झालं, वार पडली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. सिस्टर रजिस्टरकडे वळते, मावशी फरशी पुसते आणि आई भिंतीकडे तोंड करून पडून असते. दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, गर्भाशय कडक आहे का आणि किती रक्त गेलं, हे बघायची वेळ नेमकी हीच. रक्त अंदाजाने मोजलं की ते नेहमी कमीच भरतं, आणि त्यात सिस्टरचा दोष नाही. कापडात, गादीत, बादलीत गेलेलं रक्त डोळ्यांना दिसतच नाही. आफ्रिकेतल्या चार देशांत खुणा केलेली प्लॅस्टिकची पिशवी बाईखाली ठेवून, रक्तस्राव दिसताच गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकदम सुरू केलं. तेव्हा गंभीर रक्तस्राव आणि त्यातून पुढे येणारी शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांत सुमारे ६० टक्के घट झाली. हा निष्कर्ष २०२३ चा. पिशवी वापरली तिथे ९३ टक्के रक्तस्राव ओळखले गेले, नेहमीच्या पद्धतीत निम्मेच. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तर ५०० मिलीची वाट न बघता, ३०० मिली रक्त गेलंय आणि नाडी किंवा बीपी बिघडलाय, तरी उपचार सुरू करा असं सांगितलं. तुमच्या आराखड्यात या पिशव्यांची खरेदी आली पाहिजे. ‘पीपीएच (प्रसूतीनंतरचा रक्तस्राव) प्रशिक्षण’ एवढंच लिहिलंत तर पुन्हा तेच सादरीकरण होईल.

मॅगसल्फचा, म्हणजे झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा, विषय वेगळा आहे. झटके येणाऱ्या किंवा बीपी फार चढलेल्या बाईला रेफर करण्याआधी १० ग्रॅम, म्हणजे दोन्ही कुल्ल्यांत ५–५ ग्रॅम, द्यायचं. एका अँप्युलमध्ये १ ग्रॅम, म्हणून एका बाजूला पाच अँप्युल. हा आकडा परीक्षेत सगळ्यांचा बरोबर येतो. तरी रेफर होऊन आलेल्या बाईच्या चिठ्ठीवर ‘मॅगसल्फ दिले’ क्वचितच दिसतं. एका सिस्टरने मला सरळ सांगितलं, ‘मॅडम, सरांनी सांगितल्याशिवाय कशी देऊ? उद्या काही झालं तं माझ्याच अंगावर येईन.’ तिला प्रशिक्षणाची गरज नाही. तिला भिंतीवर लावलेला, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचा आदेश हवा आहे: अमुक लक्षण दिसलं की विचारू नका, पहिला डोस द्या, मग फोन करा. शेजारी उताऱ्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटची अँप्युल, आणि श्वास, गुडघ्याची उडी, लघवी बघायची सवय. प्रशिक्षणाला बसवायचंच असेल तर त्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बसवा.

तीच गोष्ट ऑक्सिटोसिनची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. २ ते ८ अंशांत राहायला हवं असं औषध लेबर रूमच्या ट्रेमध्ये, तेही सिरिंजमध्ये भरून, दिवसभर पडलेलं असतं. मग ‘इंजेक्शन दिलं तरी गर्भाशय आवळत नाही’ म्हणून दुसरं, तिसरं. विचारलं तर कळतं, लशींच्या खास फ्रिजमध्ये (आयएलआर) दुसरं औषध ठेवू देत नाहीत आणि दुसरा फ्रिज बंद आहे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी लशींच्या शीतसाखळीत ऑक्सिटोसिन ठेवण्याच्या बाजूने निवेदन काढलंय. आपल्याकडे काय करायचं हा जिल्ह्याने घ्यायचा निर्णय आहे. तो होईपर्यंत एक चालू फ्रिज. यात शिकवण्यासारखं फार काही नाही. मात्र प्रसूतीच्या आधी, कळा वाढवायला म्हणून दिलेलं ऑक्सिटोसिनचं स्नायूतलं इंजेक्शन कुठे दिसलं तर तो तातडीचा विषय समजा. त्याने गर्भाशय फाटतं, बाळ गुदमरतं. तिथे पुढच्या कार्यशाळेची वाट बघू नका.

नागपूरच्या उन्हाळ्याचा दुसरा गोंधळ बाळाच्या उबेचा. बाहेर आग ओकतेय, त्यामुळे बाळाला थंडी वाजेल हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. पण लेबर रूममध्ये कूलर किंवा एसी असतो आणि ओलं बाळ त्याच्या झोतात. खोली २५ ते २८ अंश, कोरडं करून लगेच आईच्या छातीवर उघडं, वरून कापड आणि डोक्यावर टोपी. हे मे महिन्यातही लागतं. वॉर्मर असला की बाळ आईपासून दूर त्यावरच जातं, कारण यंत्र आलंय तर वापरलेलं दिसायला हवं! कमी वजनाच्या बाळाला जन्मापासूनच कांगारू पद्धतीने छातीशी ठेवलं तर मृत्यू सुमारे २५ टक्के कमी होतात, हे २०२१ च्या अभ्यासातून आलं आणि २०२२ पासून जागतिक शिफारस झाली. यात कसब लागतं ते पाच तासांनी कंटाळलेल्या आईला, आणि ‘हे काय नवीन’ म्हणणाऱ्या सासूला सांभाळून घेण्याचं.

घरी गेल्यावर प्रश्न उलटा होतो. आजी म्हणते, ‘एवढ्या उनात लेकराच्या घशाले कोरड पडते, दोन चमचे पानी पाजलं तं काय होते?’ आशाताईला सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध हे पाठ असतं, पण आजीला उत्तर देता येत नाही, म्हणून ती मान डोलावून निघते. तिला शिकवायचं ते हे: अंगावरच्या दुधात पाणी असतंच, उन्हात पाजण्याच्या वेळा वाढवा, दिवसातून सहा-आठ वेळा लघवी होतेय का ते मोजा. बाळ तापलं, दूध ओढत नाही, लघवी कमी झाली, तर घरी पाणी पाजत बसू नका, दवाखान्यात आणा. हे संभाषण गटात दोघी-दोघींनी करून बघितलं पाहिजे, एकीने आजी व्हायचं. आशांना ते फार छान जमतं आणि हसून हसून लक्षातही राहतं.

आशांच्या गृहभेटींबद्दल आणखी थोडं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी. या साऱ्याचं मूळ विदर्भातल्याच गडचिरोलीतलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून नवजात मृत्यू ६२ टक्के खाली आणल्याचं १९९९ मध्ये दाखवलं. तिथल्या बाया पूर्ण एक मिनिट श्वास मोजत होत्या. आज अर्ज तपासताना श्वासाच्या रकान्यात सगळीकडे ४० दिसतो. आशाताईसोबत एका घरी जा आणि तिला मोजायला सांगा. साठच्या वर श्वास, छाती आत ओढली जाणं, दूध सोडणं, अंग गार किंवा तापलेलं, हलवल्याशिवाय हालचाल नाही, ही लक्षणं ती ओळखते का ते तिथे कळेल. थर्मामीटर चालतो का, तेही बघा. ‘बाळ फार शांत हाय, त्रासच देत नाई’ असं घरचे कौतुकाने म्हणतात तेव्हा आशाताईने बाळाला उचलून बघितलं पाहिजे.

विदर्भासाठी एक विषय मी नेहमी वरच ठेवते, तो राज्याच्या साच्यात मागे पडतो: सिकलसेल, हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्याकडे गरोदर बाईचं रक्त कमी दिसलं की लोहाच्या गोळ्या, त्याने नाही झालं तर लोहाचं सलाइन. पण ती सिकलसेलची रुग्ण असेल आणि तिला आधी बऱ्याचदा रक्त दिलेलं असेल तर अंगात लोह साचलेलं असू शकतं. सॉल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी झाली का, पुढची खात्रीची चाचणी झाली का, ती वाहक आहे की रुग्ण, हे पहिल्या भेटीतच कार्डावर यायला हवं. रुग्ण असेल तर तिचं पाणी कमी पडू न देणं, अंगदुखी आणि छातीत दुखणं हलक्यात न घेणं, फॉलिक ॲसिडचा मोठा डोस डॉक्टरांकडून ठरवून घेणं, आणि प्रसूती मोठ्या रुग्णालयातच. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, चाचण्या वाढल्या आहेत. निकाल आल्यावर बाळंतपणात काय बदलायचं, हे मात्र लेबर रूमच्या सिस्टरपर्यंत पोचलेलं नाही.

रेफरल चिठ्ठी हा गरज शोधायचा आणखी एक चांगला कागद. नागपुरात मेयो, मेडिकल किंवा डागा या सरकारी रुग्णालयांत पाठवलेल्या बायकांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती काढा. ‘पुढील उपचारार्थ’ एवढंच लिहिलंय का? काय दिलं, किती वाजता दिलं, निघताना बीपी किती होता? देवलापारहून नागपूर साठ किलोमीटरच्या वर आहे. १०८ मध्ये सोबत कोण बसलं, बाळ आईच्या छातीशी होतं की नातेवाइकाच्या मांडीवर? आधी फोन गेला होता का? दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झालेल्या बाईला, ३४ आठवड्यांच्या आत, बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोनचा ६ मिलिग्रॅमचा पहिला डोस देऊन पाठवलं का? दहा चिठ्ठ्या वाचल्यात की अर्धा आराखडा तयार.

बाईशी वागण्याबद्दल वेगळा वर्ग घेऊ नका. ओरडणं, मांडीवर मारणं, पोट दाबणं हे वर्गात कोणीच करत नाही. जन्मसोबती म्हणून घरातली एक बाई आत येऊ द्या, आवाज आपोआप उतरतो.

आणि बदल्या. एकवीस दिवसांचं प्रसूती सहाय्याचं प्रशिक्षण घेऊन आलेली सिस्टर पुढच्या महिन्यात ओपीडीत किंवा लसीकरणात दिसते. लेबर रूमचा दर्जा सुधारण्याच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात, २०१७ पासून, लेबर रूमच्या प्रशिक्षित नर्सना तिथून हलवू नये अशी अपेक्षा आहे. म्हणून आराखड्यात नावांची यादी जोडा: कोण शिकलं, आज कुठे आहे. ती यादी पाहून साहेब स्वतःच प्रश्न विचारतील. प्रशिक्षणाला पाठवायचं असेल तेव्हा मोठ्या रुग्णालयात एकाच वेळी किती शिकाऊ असतात तेही आधी विचारून घ्या. गर्दीत मागे उभं राहून प्रसूती बघितल्याने हात तयार होत नाहीत.

लिहिताना प्रत्येक अडचणीपुढे तीन रकाने करा: हाताचा सराव, वस्तू, आदेश. बहुतेक गोष्टी शेवटच्या दोनांत जातील आणि प्रशिक्षणाचा खर्च तुम्हाला वाटला होता त्यापेक्षा कमी निघेल. वाचलेल्या पैशात बाहुल्या, मास्क, बीपीची यंत्रं आणि रक्त मोजायच्या पिशव्या मागा.

राहिला खासगी दवाखान्यांचा भाग. तालुक्याच्या गावातल्या आणि नागपूर शहराच्या कडेच्या छोट्या नर्सिंग होममध्ये बऱ्याच मुली कामावरच शिकलेल्या असतात आणि सरकारी प्रशिक्षण त्यांच्यापर्यंत जात नाही. तिथे बिघडलेली केस शेवटी सरकारी रुग्णालयातच येते. त्यांना तुमच्या सरावाला बोलवा. बाळाला श्वास देण्याचा इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा एक दिवसाचा कोर्स आहे, तो डॉक्टरांना लवकर पटतो कारण प्रमाणपत्र मिळतं. पत्र तालुका कार्यालयाच्या शिक्क्याने पाठवा आणि वेळ सकाळी ओपीडीच्या आधीची ठेवा. संध्याकाळी आपल्या सिस्टरला कोणी सोडत नाही.